आज्ञा की तळतळाट? शास्त्रातील कठोर वचनांवरच्या एका अभ्यासवर्गाविषयी

होळीच्या सुमारास माझ्या भाच्याने मला मोबाईलवर आलेले एक चित्र दाखवले. त्यावर बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील सत्ताविसावे वचन ठळक अक्षरांत छापलेले होते. आपण राज्य करू नये असे ज्या वैऱ्यांना वाटत होते त्यांना येथे आणा आणि माझ्यादेखत ठार मारा, असा त्याचा आशय, आणि खाली लिहिले होते की हा येशूचा हुकूम आहे. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, संडेस्कूलमध्ये त्याने पाठांतराची बक्षिसे मिळवली आहेत, आणि तरीही "मावशी, हे खरंच आपल्या शास्त्रात आहे का?" असे त्याने विचारले तेव्हा त्याच्या आवाजात रागापेक्षा फसवले गेल्याची भावना अधिक होती. मी "आहे, पण..." एवढेच म्हणू शकले. त्या "पण"च्या पुढे काय, हे चाळीस वर्षे उपासनेला जाऊनही मला धडपणे सांगता येत नव्हते. म्हणून शहरातील एका मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात उन्हाळ्यात भरणाऱ्या अभ्यासवर्गाचे पत्रक हाती आले तेव्हा मी आम्हा दोघांची नावे लगेच नोंदवली.

वर्गाचे आणि मंडळीचे नाव चालकांच्या विनंतीवरून येथे देत नाही. त्यांच्याकडे जागा मोजक्या आहेत आणि त्या तोंडोतोंडीच भरतात. एकूण आठ शनिवार, सायंकाळी सहा ते आठ, शुल्क ६०० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मे, आणि त्यात ५२ पानांची पुस्तिका व दर वेळी चहा. शिकवणारे दोघे होते: एक निवृत्त पाळक, ज्यांना सगळे पाळकसाहेब म्हणत, आणि हिब्रू शिकलेल्या एक तरुण ताई. एका सत्रासाठी बाहेरून पाहुणे वक्ते आले होते, त्यांच्याविषयी पुढे सांगते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये सायंकाळी सहाला सभागृहात बसणे हेच एक तप आहे. दोन मोठे कूलर लावले की मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नसे आणि बंद केले की कोणाला ऐकण्याची इच्छा उरत नसे. ध्वनिक्षेपक तिसऱ्या शनिवारी आला, तो पहिल्याच दिवशी हवा होता.

वर्गाला आलेली माणसे मात्र पैसे वसूल करून देणारी होती. ज्या शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या शहरात वेगवेगळ्या मंडळ्यांची माणसे एका बाकावर बसणे नवलाचे नाही, पण या वर्गात सेमिनरी हिल्सकडून येणारे एक कॅथलिक गृहस्थ होते, मोहननगरच्या दोघी निवृत्त परिचारिका होत्या, हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या मंडळीतले एक तरुण जोडपे होते, आणि भाच्याच्या महाविद्यालयातला, बौद्ध घरातला एक मुलगाही होता, जो केवळ कुतूहलाने आला आणि आठही शनिवार टिकला. सर्वांत अवघड प्रश्न त्यानेच विचारला.

पहिल्या सत्रात आमच्या नशिबाने तेच लूकचे वचन होते. पाळकसाहेबांनी वचन वाचलेच नाही. त्यांनी अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला लावला. येशू यरीहोतून जात आहे, जक्कय झाडावर चढला आहे, त्याच्या घरी जेवण झाले आहे, आणि मग जमलेल्या लोकांना देवाचे राज्य आता लगेच प्रकट होणार असे वाटू लागले म्हणून येशू त्यांना दहा मोहरांचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो. एक उमराव राज्य मिळवण्यासाठी दूर देशी जातो, त्याचे नागरिक त्याचा द्वेष करतात आणि "हा आमच्यावर राज्य करायला नको" असे सांगण्यासाठी त्याच्यामागे वकील पाठवतात, तो राजा होऊन परत येतो आणि सूड घेतो. ठार मारण्याचे शब्द या उमरावाच्या तोंडी आहेत. एवढे सांगून थांबले असते तरी भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले असते, पण खरी गंमत पुढे होती. ही गोष्ट यरीहोच्या लोकांना ओळखीची होती. इ. स. पूर्व ४ मध्ये यहुद्यांचा राजा थोरला हेरोद वारल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव राज्यपद मागण्यासाठी रोमला निघाला. निघण्यापूर्वी यहुद्यांच्या वल्हांडण सणात त्याच्या सैन्याने सुमारे ३,००० लोक मारल्याचे इतिहासकार जोसीफस लिहितो. त्याच्यामागोमाग पन्नास यहुद्यांचे शिष्टमंडळ त्याला राजा करू नका असे सांगायला रोमला गेले. आणि रोमचा सम्राट औगुस्त याने त्याला राजा ही पदवी न देता निम्म्या मुलखाचा अधिपती केले. इ. स. ६ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. यरीहोचा राजवाडा याच अर्खेलावाने पुन्हा बांधवला होता, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या क्रूर माणसाचा वाडा होता.

यावर पाळकसाहेबांनी जे केले त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. त्यांनी हा अर्थ एकमेव म्हणून विकला नाही. मंडळीच्या परंपरेत त्या उमरावाला परत येणारा ख्रिस्त मानूनही हा दाखला शतकानुशतके वाचला गेला आहे, आणि तो अर्थ नाकारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ते म्हणाले. पण तोही अर्थ घेतला तरी न्याय त्याच्या परत येण्याच्या दिवशीचा आहे आणि तोपर्यंत चाकरांच्या हाती मोहरा दिलेल्या आहेत, तलवारी नाहीत. मग त्यांनी आम्हाला त्याच अध्यायाच्या एकेचाळिसाव्या वचनापर्यंत नेले, जिथे येशू यरुशलेम नगर पाहून रडतो. सत्ताविसावे वचन मोबाईलवर फिरवणाऱ्याने आणखी चौदा वचने वाचली असती तर त्याला हे अश्रू दिसले असते. भाच्याने घरी येताना एकही शब्द काढला नाही. पण दुसऱ्या शनिवारी माझ्याआधी तो गाडीजवळ उभा होता.

वर्गाचा कळस माझ्या मते तिसरे सत्र, आणि ते १३७ व्या स्तोत्रावर होते. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचे हे स्तोत्र आमच्या घरात अर्धेच वाचले जायचे. माझे वडील सहाव्या वचनावर थांबून पुस्तक मिटत, आणि पुढे काय आहे हे मला मोठी झाल्यावर कळले. तुझी बालके धरून खडकावर आपटील तो धन्य, असा त्याचा शेवट आहे. ताईंनी हे वचन मोठ्याने वाचून दोन मिनिटे काहीच बोलू दिले नाही, आणि नंतर विचारले, "हे कोण म्हणतं आहे?" इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जाळले, राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली आणि मग त्याचे डोळे काढले; मुलाचा मृत्यू हे त्याने पाहिलेले शेवटचे दृश्य. तान्ह्या मुलांना आपटून मारणे ही त्या काळच्या युद्धांतली नित्याची क्रूरता होती, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि होशेयच्या पुस्तकात तिचा उल्लेख येतो. शेवटून दुसऱ्या वचनात गाणारे म्हणतात की तू आमचे जे केलेस तेच तुला मिळो. म्हणजे खडकावर आधी यांचीच लेकरे गेली होती.

पहिल्या बाकावरच्या परिचारिकाबाई तेव्हा म्हणाल्या, "हा तळतळाट आहे हो." ताईंना बहुधा हा शब्द आधी सुचला नव्हता, कारण त्यांनी तो लगेच फळ्यावर लिहिला. मला वाटते, या विषयावर जे काही मराठीत सांगता येईल त्यातले निम्मे या एका शब्दात येते. शाप हा विचारपूर्वक, अधिकाराने दिला जातो, तळतळाट उठतो. ज्याच्या हातात काहीच उरलेले नाही अशा माणसाच्या पोटातून तो येतो, आणि ऐकणाऱ्याने तो अमलात आणायचा नसतो, त्याने तो ऐकून घ्यायचा असतो. या स्तोत्रात कोणी तलवार मागितलेली नाही, देवाने आठवण ठेवावी एवढेच मागितले आहे. पुढे इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबेल पडले ते पारसाच्या कोरेश राजापुढे, आणि त्याच्या स्वतःच्या शिलालेखानुसार लढाईशिवाय. ताईंनी एवढे सांगून हेही सांगितले की मंडळीला हे शब्द पचवणे नेहमीच जड गेले आहे: तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ओरिजेन याने त्या बालकांचा अर्थ मनात नुकतेच जन्मलेले दुष्ट विचार आणि खडकाचा अर्थ ख्रिस्त असा लावला, आणि कॅथलिक मंडळीने १९७१ च्या सुधारित प्रार्थनाक्रमातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली व इतर काहींतली अशी वचने गाळली. ओरिजेनचा अर्थ सुंदर आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. ज्या आईचे मूल गेले तिला हे तुझ्या दुष्ट विचारांविषयी आहे असे सांगायला जाणाऱ्याने आधी चपला दाराजवळ ठेवाव्यात. गाळण्याविषयी मात्र मी अजून गोंधळलेली आहे. माझे वडील सहाव्या वचनावर थांबत ते लपवण्यासाठी की लेकरांना जपण्यासाठी, हे आता विचारता येत नाही.

चौथ्या सत्रात यहोशवाचे पुस्तक होते, ज्यात इस्राएल लोक कनान देश जिंकताना तेथील नगरांचा समूळ नाश करतात. येथे संदर्भ म्हणजे केवळ मागची-पुढची वचने नसून त्या काळच्या राजांची लिहिण्याची तऱ्हा होय, असे ताईंनी सांगितले आणि दोन शिलालेखांचे फोटो दाखवले. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाचा, इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराचा, १८९६ मध्ये सापडलेला शिलालेख सांगतो की इस्राएल उद्ध्वस्त झाले, त्याचे बीजच उरले नाही. मवाबचा मेशा राजा इ. स. पूर्व नवव्या शतकात लिहितो की इस्राएल कायमचे नष्ट झाले आणि आपण नबो हे गाव घेऊन तेथील ७,००० जणांना आपल्या देवाला अर्पून ठार केले. आणि त्यासाठी तो तोच शब्द वापरतो जो यहोशवाच्या पुस्तकात संपूर्ण नाशासाठी येतो, हेरेम. इस्राएल संपले असे दोघांनी दगडात कोरले आणि इस्राएल दोघांनंतरही होतेच. यहोशवाच्या पुस्तकातही हीच तऱ्हा दिसते: दहाव्या अध्यायात हेब्रोन आणि दबीर येथे एकही जीव उरला नाही, आणि पंधराव्या अध्यायात त्याच दोन गावांतल्या लोकांशी पुन्हा लढाई. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय एका वचनात समूळ नाश सांगतो आणि पुढच्याच वचनात त्यांच्याशी सोयरीक करू नका म्हणतो. मेलेल्यांशी सोयरीक कोण करतो? यावर भाचा म्हणाला की जामठ्याच्या मैदानावर सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "धुव्वा उडवला", "खुर्दा केला", "लोळवले" असेच येते आणि हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतो. सभागृह हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर मला ते हसू टोचत राहिले, कारण मैदानावर कोणी मरत नाही. आकडे फुगवलेले आहेत हे मान्य केले तरी देवाच्या नावाने अशी बढाई का मारावीशी वाटली हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. यहोशवाने जिंकल्याचे सांगितलेल्या यरीहोच्या उत्खननाची माहितीही याच सत्रात आली. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेथे खोदकाम करून त्या नगराचा मोठा विध्वंस इ. स. पूर्व १५५० च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाचा म्हणून सामान्यतः धरल्या जाणाऱ्या काळाच्या खूप आधीचा, ठरवला. ती माहिती ऐकून तरुण जोडप्यातला नवरा अस्वस्थ झाला आणि पाळकसाहेबांनी त्याच्याशी चहाच्या वेळी बराच वेळ, हळू आवाजात बोलणे केले. कोणाला उघडे पाडायचे नाही ही त्यांची रीत मला आवडली.

पाचवे सत्र या वर्गाची सर्वांत मोठी उणीव होती आणि त्यासाठी मी पाचपैकी एक तारा कापते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला अमालेकी लोकांचा, स्त्रिया आणि तान्ह्या बाळांसकट, नाश करण्याची देवाची आज्ञा होते. पाहुण्या वक्त्यांनी अमालेक्यांनी मिसर सोडलेल्या थकल्याभागल्या इस्राएलावर मागून हल्ला केला होता, हा इतिहास सांगितला, देवाच्या न्यायाची वेळ त्याच्या हाती असते असे सांगितले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. दुसऱ्या परिचारिकाबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर प्रसूतिकक्षात नोकरी केली, हात वर करून विचारले की बाळांनी काय केले होते. "संदर्भ लक्षात घ्या," एवढे उत्तर आले. आधीच्या चार सत्रांत संदर्भाने आम्हाला खोलात नेले होते. येथे त्याच शब्दाने दार लावून घेतले. जे वचन मनाला खुपते ते खुपू न देण्यासाठी संदर्भ पांघरायचा असेल तर तो खुलासा राहत नाही, सबब होते. पुढच्या शनिवारी ताईंनी स्वतःहून पंधरा मिनिटे काढून सांगितले की त्याच पुस्तकात सत्ताविसाव्या अध्यायात दावीद अमालेक्यांवर स्वाऱ्या करतो आणि तिसाव्या अध्यायात ते दावीदाचे सिकलाग हे गाव जाळतात, तेव्हा तो नाशही कागदावरच पूर्ण झालेला दिसतो. आणि एवढे सांगून त्यांनी बाईंकडे पाहून म्हटले की याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही हे मला माहीत आहे. कॅथलिक गृहस्थांनी तेव्हा सांगितले की त्यांच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजाने लेखकाने कोणत्या साहित्यप्रकारात लिहिले आहे ते आधी पाहा असे म्हटले आणि २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी अशा भागांना शास्त्रातले अंधारे भाग असे सरळ म्हटले. अंधाराला अंधार म्हणण्याची परवानगी मिळाली की किती हलके वाटते, हे त्या बाईंच्या चेहऱ्यावर दिसले.

बौद्ध घरातल्या मुलाचा प्रश्न याच दिवशी आला. तो म्हणाला, "तुम्ही सगळे इस्राएलच्या बाजूला बसून वाचता. कनानी लोकांच्या बाजूला बसून हे कोणी वाचलं आहे का?" पाळकसाहेबांनी क्षणभर चष्मा पुसला आणि मान्य केले की मंडळीने उशिरा वाचले. १६३७ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी तेथील मूळनिवासी पीक्वॉट लोकांचा कोट बायकामुलांसह जाळला तेव्हा त्यांच्यातल्या जॉन अंडरहिल या कप्तानाने शास्त्राचा दाखला देऊनच त्याचे समर्थन लिहून ठेवले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्याच मूळनिवासी ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी आपण ही कथा वाचताना स्वतःला कनान्यांच्या जागी पाहतो असे मांडले, हे त्यांनी सांगितले. सांगण्यासारखे पुष्कळ होते, वेळ दहा मिनिटे उरली होती. या प्रश्नाला स्वतंत्र शनिवार मिळायला हवा होता, विशेषतः या शहरात, जिथे बहिष्कृतांच्या बाजूने ग्रंथ वाचणे म्हणजे काय हे दीक्षाभूमीजवळून जाणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

सहावे सत्र येशूच्या स्वतःच्या कठोर बोलांवर होते आणि ते मराठी कानाला सर्वांत सोपे गेले. उजवा डोळा पाप करवीत असेल तर उपटून टाक, हे ऐकून दचकणाऱ्याने विदर्भातल्या आईचे बोलणे ऐकावे. "पुन्हा उन्हात गेलास तर तंगडी तोडून हातात देईन" म्हणणाऱ्या आईने आजवर कोणाची तंगडी तोडलेली नाही, पण तिचे म्हणणे खोटे असते असेही नाही. मेजवानीच्या दाखल्यात लोकांना आत येण्यास भाग पाडा असे येते. बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुमारास हेच वचन मंडळीतून फुटलेल्या डोनाटस पंथीयांवर सक्ती करण्यासाठी वापरले आणि पुढच्या शतकांनी त्याचा भरपूर गैरफायदा घेतला. पाळकसाहेब म्हणाले की ही गोष्ट पंगतीची आहे हे विसरले की असे होते. ताटावर आडवा हात धरणाऱ्याला आणखी एक पुरणपोळी वाढणारा जो आग्रह करतो तो येथे आहे, आणि त्या आग्रहासाठी आजवर कोणी शिपाई बोलावलेला नाही.

शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो, या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वचनावर ते अधिक गंभीर झाले. लूकने त्याच बोलात तलवारीऐवजी फूट असा शब्द योजला आहे, आणि पुढची वचने मीखाच्या पुस्तकातली आहेत: मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध. ही तलवार शिष्याच्या हातात नाही, ती त्याच्या घरावर पडते. पंडित नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, ही आठवण त्यांनी दिली. सभागृहात पहिल्या पिढीचे ख्रिस्ती चार-पाच तरी असावेत. कोणी काही बोलले नाही, पण त्या वचनाचा अर्थ आमच्यापेक्षा त्यांना आधी कळलेला होता. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार काढली तेव्हा ती म्यानात घाल असे येशूने सांगितले, याकडे पाळकसाहेबांनी शेवटी लक्ष वेधले आणि सत्र तेथेच थांबवले.

सातवे सत्र घाईत झाले. अलीशा संदेष्ट्याला टक्कल म्हणून चिडवणाऱ्या बेचाळीस पोरांना अस्वलींनी फाडल्याची कथा, डोळ्याबद्दल डोळा हा नियम, आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले रक्ताचे पाट, असे तीन मोठे विषय दोन तासांत बसवले. त्यातला डोळ्याचा भाग लक्षात राहिला: उत्पत्तीच्या पुस्तकातला लामेख एका घावासाठी सत्त्याहत्तर पट सूड मिरवतो, बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात उच्चवर्गीयाच्या डोळ्याला डोळा पण सामान्याच्या डोळ्याला एक माना (त्या काळचे एक वजन) चांदी असा भाव आहे, आणि अशा पार्श्वभूमीवर एका डोळ्याला एकच डोळा हा नियम सुडाला घातलेला बांध ठरतो. प्रकटीकरणात घोडेस्वाराची तलवार त्याच्या तोंडातून निघते, हातात नसते, आणि लढाई सुरू होण्याआधीच त्याचे वस्त्र रक्ताने माखलेले आहे, एवढे सांगून पुढे पळाले. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या त्या स्त्रीविषयी, जिला रात्रभर गावगुंडांच्या हाती देऊन सकाळी उंबऱ्यावर मेलेली सोडले, एक अक्षरही आले नाही. पुस्तिकेत तो अध्याय यादीत होता. मी विचारले तेव्हा वेळ नसल्याचे कारण मिळाले. शिकवणाऱ्यांपैकी एक स्त्री असताना हे व्हावे याचे मला जास्त वाईट वाटले.

शेवटच्या शनिवारी मात्र सगळे धागे येशूच्या वाचनापाशी आणले. नासरेथच्या सभास्थानात त्याला यशयाचे पुस्तक दिले जाते, तो एकसष्टावा अध्याय उघडतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष, असे वाचतो आणि गुंडाळी मिटतो. यशयात वाक्य तेथे संपत नाही. पुढे आमच्या देवाच्या सुडाचा दिवस असे शब्द आहेत. आम्ही दोन्ही पाने शेजारी ठेवून स्वतः पाहिले. ताईंनी आणखी एक जागा दाखवली. मुलीसाठी विनवणी करणाऱ्या परकी बाईला मार्क सुरफुनीकी, म्हणजे सुरियातल्या फिनिशियाची, म्हणतो, पण मत्तय तिला मुद्दाम कनानी म्हणतो, तेव्हा जिच्या पूर्वजांविषयी समूळ नाशाचे शब्द लिहिले गेले ती बाई येशूसमोर उभी राहून वाद घालते, जिंकते, आणि तिची मुलगी बरी होते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीत यरीहोची, म्हणजे कनानीच, राहाबही आहे. बौद्ध मुलाने ही दोन नावे वहीत लिहून घेतली.

पुस्तिकेविषयी थोडे. मजकूर चांगला, छपाई फार बारीक आणि नकाशा एकही नाही. बाबेल ते यरुशलेम अंतर किती हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते स्तोत्र निम्मेच कळते. कठीण वचने दोन-दोन मराठी भाषांतरांत शेजारी छापली आहेत, त्यात काही ठिकाणी पंडिता रमाबाईंचे, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून झालेले भाषांतरही आहे. केवळ त्या तुलनेसाठी पुस्तिका जपून ठेवण्यासारखी आहे. ती वेगळी विकत मिळत नाही, मी विचारून पाहिले.

तेव्हा पाचपैकी चार तारे. ज्यांना पाच मिनिटांत वादात जिंकण्याची उत्तरे हवी आहेत त्यांनी जाऊ नये. असे दोघेजण दुसऱ्या शनिवारीच गळाले. घरात विचारणारी मुले आहेत आणि उत्तर देता येत नाही, अशांनी नक्की जावे, शक्य असेल तर त्या मुलांना घेऊन. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे, तेव्हा कूलरचा प्रश्न येणार नाही. शास्त्यांचा एकोणिसावा अध्याय या वेळी घेऊ, असे ताईंनी मला निरोप पाठवून कळवले आहे, आणि त्या एका सत्रासाठी मी पुन्हा पूर्ण शुल्क भरले आहे. आपले पवित्र शास्त्र मोठ्या अक्षरांचे असेल तर तेच न्यावे, आणि जागा पुढून तिसऱ्या रांगेच्या आत धरावी.